कार्डावरची बक्षीस योजना बंद झाली, तर पुढे काय?

गेल्या दहा-पंधरा वर्षांत आपल्या व्यापारी बांधवांच्या खिशात क्रेडिट कार्ड आले. पूर्वी कार्ड म्हणजे मोठ्या साहेब लोकांची वस्तू समजली जाई. आज सुताचा व्यापारी, शिलाई मशीनचे सुटे भाग विकणारा दुकानदार, जरीकाम करून घेणारा कारखानदार, ट्रकमालक अशा सर्वांकडे एक-दोन कार्डे दिसतात. कार्ड गळ्यात मारताना बँकेचा माणूस सर्वांत आधी पॉइंटची गोष्ट सांगतो. शंभर रुपये खर्च करा, इतके पॉइंट जमा होतील. वर्षात अमुक लाख खर्च करा, विमानाचे तिकीट मोफत मिळेल. मग एके दिवशी मोबाइलवर चार ओळींचा संदेश येतो की अमुक तारखेपासून ही योजना मागे घेण्यात येत आहे. पुष्कळजण तो वाचत नाहीत. जे वाचतात त्यांना प्रश्न पडतो: आपण जमा केलेले पॉइंट बुडाले काय? कार्ड चालू राहील काय? वार्षिक फी भरायची की नाही? या प्रश्नांची उत्तरे साध्या हिशेबाच्या भाषेत देण्याचा येथे प्रयत्न आहे.

वटाव आणि वायदा

आमच्या कापडाच्या पेठेत रोखीने माल उचलणाऱ्याला वटाव मिळतो. दहा हजारांच्या मालावर दोन टक्के वटाव ठरला, तर बिलातच दोनशे रुपये वजा होतात आणि व्यवहार तेथेच संपतो. उद्या तो आडत्या दुकान बंद करून गावी गेला तरी आपले दोनशे रुपये आपल्या खिशातच राहतात.

कार्डाचा पॉइंट हा असा वटाव नव्हे. तो पुढे कधीतरी वटाव देण्याचा वायदा आहे. त्यात एक गोष्ट आणखी ध्यानात ठेवली पाहिजे. हुंडीवर रक्कम आणि मुदत लिहिलेली असते, ती लिहून देणाऱ्याला मागाहून बदलता येत नाही. पॉइंटचे तसे नाही. बहुतेक कार्डांच्या अटींत असे कलम असते की पॉइंटची किंमत, मुदत आणि ते वापरण्याची रीत बदलण्याचा, तसेच योजना बंद करण्याचा अधिकार बँकेने स्वतःकडे राखून ठेवला आहे. सही करताना आपण या कलमालाही मान्यता दिलेली असते. म्हणून पॉइंटला पैसा समजणे ही हिशेबाची चूक आहे.

बक्षिसाचा पैसा येतो कोठून?

बँक हे पॉइंट आपल्या पदरचे देत नाही. समजा, एका गिऱ्हाइकाने आपल्या दुकानात दहा हजारांचे कापड घेतले आणि कार्ड मशीनवर लावले. आपला दर दोन टक्के आहे असे धरू. दर दुकानागणिक वेगळा असतो, हा आकडा उदाहरणासाठी आहे. दोनशे रुपये कापले जातात, त्यावर अठरा टक्के जीएसटीचे छत्तीस रुपये लागतात आणि आपल्या खात्यात ९,७६४ रुपये येतात. या दोनशेपैकी मोठा हिस्सा गिऱ्हाइकाला कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो. उरलेला हिस्सा आपल्याला मशीन देणारी बँक आणि व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे यांच्यात वाटला जातो. कार्ड देणारी बँक आपल्या हिश्श्यातला काही भाग गिऱ्हाइकाला पॉइंटच्या रूपाने देते.

म्हणजे बक्षिसाचा पहिला खर्च दुकानदार उचलतो. दुसरा खर्च वार्षिक फीमधून निघतो. तिसरा खर्च ते कार्डधारक उचलतात, जे पूर्ण बिल न भरता थोडी रक्कम भरतात आणि बाकीवर व्याज देतात. यांपैकी एखादा झरा आटला की योजनेला घरघर लागते.

योजना बंद का पडते?

पहिले कारण कायद्याचे. सरकारने दुकानदाराकडून कापल्या जाणाऱ्या दलालीवर मर्यादा घातली की बक्षीस आपोआप आटते. अमेरिकेत डर्बिन दुरुस्ती म्हणून ओळखला जाणारा नियम १ ऑक्टोबर २०११ पासून लागू झाला. मोठ्या बँकांना डेबिट कार्डाच्या प्रत्येक व्यवहारामागे मिळणारी दलाली साधारण २१ सेंट व रकमेच्या ०.०५ टक्के एवढ्यावर आली. त्यानंतर तेथील अनेक मोठ्या बँकांनी डेबिट कार्डावरची बक्षिसे गुंडाळली. युरोपीय संघात डिसेंबर २०१५ पासून बँकांमधल्या या दलालीवर डेबिट कार्डासाठी ०.२ टक्के आणि क्रेडिट कार्डासाठी ०.३ टक्के अशी कमाल मर्यादा आली. मग तेथेही कार्डांवरची बक्षिसे आखडली गेली.

आपल्याकडे डेबिट कार्डाच्या दलालीवर १ जानेवारी २०१८ पासून नवी मर्यादा आली. वर्षाला वीस लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या दुकानदारासाठी ती ०.४० टक्के व इतरांसाठी ०.९० टक्के ठरली. १ जानेवारी २०२० पासून रुपे डेबिट कार्ड व युपीआयवरची दलाली शून्यावर आणली गेली. क्रेडिट कार्डाच्या दलालीवर मात्र अशी कमाल मर्यादा घातली गेली नाही. डेबिट कार्डावर नाममात्र आणि क्रेडिट कार्डावर भरघोस पॉइंट का दिसतात, याचे उत्तर यातच आहे.

दुसरे कारण भागीदाराचे. पुष्कळ कार्डे बँक आणि दुसरी एखादी कंपनी मिळून काढतात. ती कंपनी बुडाली, विकली गेली किंवा दुसरीत विलीन झाली की कार्डाचा पायाच जातो.

तिसरे कारण खुद्द बँकेचे. सिटी बँकेने भारतातील सर्वसामान्य ग्राहकांचा व्यवसाय सोडण्याचे एप्रिल २०२१ मध्ये जाहीर केले. १ मार्च २०२३ रोजी तो ॲक्सिस बँकेकडे गेला आणि जुलै २०२४ पर्यंत सिटीची कार्डे ॲक्सिसच्या व्यवस्थेत आली. ग्राहकाने काहीही केले नव्हते. तरी त्याच्या कार्डाचे नाव, पॉइंटची योजना आणि पॉइंट वापरण्याची रीत बदलली.

विमानाच्या कार्डांचे दोन धडे

भागीदार गेल्यावर काय होते, हे आपल्या देशातील दोन विमान कंपन्यांच्या उदाहरणावरून चांगले समजते.

जेट एअरवेजची विमाने १७ एप्रिल २०१९ च्या रात्री बंद झाली. जेटच्या नावाची कार्डे अनेक बँकांनी दिलेली होती आणि लाखो प्रवाशांच्या खात्यात माइल्स जमा होते. पण माइल्सची योजना चालवणारी जेट प्रिव्हिलेज ही कंपनी वेगळी होती आणि तिच्यात एतिहाद या अबू धाबीच्या विमान कंपनीचा अर्ध्याहून किंचित अधिक हिस्सा होता. म्हणून जेट बंद पडूनही माइल्स रद्द झाले नाहीत. नोव्हेंबर २०१९ मध्ये योजनेचे नाव बदलून इंटरमाइल्स झाले. माइल्स राहिले, पण ज्या विमानात बसण्यासाठी ते जमवले ते विमान राहिले नाही. जेट कंपनीचे दिवाळे कोर्टात वर्षानुवर्षे चालले आणि ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिची मालमत्ता विकून देणी भागवण्याचा आदेश दिला. हे माइल्स थेट जेटच्याच वहीत असते, तर प्रवाशांना बँका आणि कामगार यांच्यामागे रांगेत उभे राहावे लागले असते. धडा असा की पॉइंट कोणाच्या नावावर देणे आहेत हे पाहावे. कार्डावर छापलेले नाव आणि खरा देणेकरी एकच असतो असे नाही.

दुसरे उदाहरण विस्ताराचे. टाटा आणि सिंगापूर एअरलाइन्स यांची ही कंपनी १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात विलीन झाली. येथे दिवाळे निघाले नव्हते. प्रवाशांचे पॉइंट एअर इंडियाच्या महाराजा क्लबमध्ये एकास एक या प्रमाणात गेले. वरवर पाहता कोणाचे काही गेले नाही. पण विस्ताराच्या नावाची बँक कार्डे लोक केवळ पॉइंटसाठी घेत नव्हते. वर्षात ठराविक रकमेचा खर्च केला की मिळणारे मोफत तिकीट हे त्यांचे खरे आकर्षण होते. २०२५ च्या मार्च-एप्रिलपासून बँकांनी ही तिकिटे बंद केली. पॉइंट जमा होणे काही काळ चालू ठेवले गेले आणि नूतनीकरणाची वार्षिक फी माफ करण्याचेही धोरण काही बँकांनी ठेवले. म्हणजे योजना एकदम मेली नाही, तिचे एकेक अवयव बंद होत गेले. ज्याने शेवटच्या टप्प्यासाठी खर्च चालू ठेवला आणि तारीख पाहिली नाही, त्याला तिकीट मिळाले नाही.

मागे काय उरते?

योजना मागे घेतली जाते तेव्हा साधारण क्रम असा असतो. एका तारखेपासून नवे पॉइंट थांबतात. जुने पॉइंट वापरण्यास मुदत दिली जाते, किंवा ते दुसऱ्या योजनेत वळवले जातात. विमानतळावरील विश्रामकक्ष, तिकीट, विमा, पेट्रोलवरची सूट या सवलती आपापल्या तारखेला बंद होतात. मुदत संपली की उरलेले पॉइंट रद्द होतात. बँकेच्या वहीत न वापरलेले पॉइंट हे देणे म्हणून लिहिलेले असतात. ते रद्द झाले की ते देणे मिटते. म्हणजे आपण विसरलो तर फायदा तिचाच आहे.

पण कार्ड स्वतः बंद होत नाही. त्यावरची बाकी, हप्त्यावर घेतलेल्या वस्तूचे उरलेले हप्ते, विजेचे किंवा मोबाइलचे बिल परस्पर कापण्याची दिलेली परवानगी, हे सर्व जसेच्या तसे राहते. बक्षीस गेले म्हणून कर्जाचा एक रुपयाही कमी होत नाही.

खरे नुकसान येथेच होते. पुढील हिशेब पाहावा. योजना बंद होण्याआधी टप्पा गाठावा म्हणून एका व्यापाऱ्याने पन्नास हजारांची जादा खरेदी केली. शंभर रुपयांना दोन पॉइंट आणि पॉइंटची किंमत पंचवीस पैसे धरली, तर त्याला एक हजार पॉइंट, म्हणजे अडीचशे रुपये मिळाले. ते पन्नास हजार वेळेवर भरता आले नाहीत आणि व्याजाचा दर महिना साडेतीन टक्के असला, तर एका महिन्याचे व्याज १,७५० रुपये होते. त्यावर अठरा टक्के जीएसटीचे ३१५ रुपये. अडीचशे मिळवण्यासाठी दोन हजार पासष्ट रुपये गेले. शिवाय बाकी राहिली की नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. वर्षाला तीस टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेणे अनुचित आहे, असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये दिला होता. तो सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केला. त्या मर्यादेच्या भरवशावर कोणी राहू नये.

आपले बरेच वाचक व्याज नको म्हणून दर महिन्याला पूर्ण बिल भरतात आणि कार्ड फक्त सोयीसाठी ठेवतात. मसल्याची बाजू उलेमांनी सांगावी, तो आपला विषय नाही. हिशेबाच्या बाजूने एवढेच सांगता येते की पॉइंटचा फायदा फक्त पूर्ण बिल वेळेवर भरणाऱ्यालाच होतो. टप्प्याची किंवा शेवटच्या तारखेची हाव त्याच माणसाला व्याजाच्या खाईत ढकलते.

कार्डधारकाचे हक्क

रिझर्व्ह बँकेने २१ एप्रिल २०२२ रोजी कार्डांविषयी जे निर्देश दिले, त्यांतील काही गोष्टी प्रत्येकाने माहीत करून घ्याव्यात. सर्व बाकी भरलेली असताना कार्ड बंद करण्याचा अर्ज दिला, तर बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद केले पाहिजे. न केल्यास पुढील प्रत्येक दिवसाला पाचशे रुपयांप्रमाणे कार्डधारकाला भरपाई द्यावी, असा नियम घालण्यात आला. फी आणि इतर आकार बदलायचे तर किमान एक महिन्याची सूचना देणे बँकेवर बंधनकारक झाले. तो बदल आपल्या तोट्याचा वाटल्यास बाकी भरून, जादा आकार न देता कार्ड परत करण्याची मुभा देण्यात आली. आपल्या संमतीशिवाय दुसरे कार्ड गळ्यात बांधण्यासही मनाई आहे. जुनी योजना बंद करून बँकेने फीचे नवे कार्ड पाठवले, तर हे लक्षात ठेवावे.

एक महिन्याचा हा नियम आकारांविषयी आहे. पॉइंटची मुदत किती, हे मात्र कार्डाच्या अटी आणि बँकेची सूचना यांतच पाहावे लागते. तक्रार असल्यास प्रथम बँकेकडे लेखी द्यावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा उत्तराने समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते.

सूचना आली की काय करावे?

१. सूचनेतल्या तारखा वहीत उतरवून घ्याव्यात. नवे पॉइंट कधी थांबणार, जुने कधीपर्यंत वापरता येणार आणि पुढची वार्षिक फी कधी लागणार, या तीन वेगळ्या तारखा असतात.

२. पॉइंट किती आहेत ते पाहून त्यांची रुपयांतली किंमत काढावी. बिलात वजावट मिळत असेल तर ती घ्यावी. घरात नको असलेली वस्तू केवळ पॉइंट आहेत म्हणून मागवू नये. पॉइंट वापरण्यावर वेगळा आकार लागतो काय, तेही पाहावे.

३. आधी पॉइंट वापरावेत, मग कार्ड बंद करावे. हा क्रम उलटा करू नये. बहुतेक योजनांत कार्ड बंद झाले की उरलेले पॉइंट बाद होतात. बिल थकले असेल तरी पॉइंट अडकतात.

४. परस्पर कापली जाणारी बिले आधी दुसऱ्या खात्यावर वळवावीत. नाहीतर विम्याचा हप्ता चुकतो आणि कळते दोन महिन्यांनी.

५. कार्ड बंद झाल्याचे लेखी पत्र घ्यावे आणि काही महिन्यांनी आपला सिबिल अहवाल तपासावा. धंद्यासाठी लवकरच कर्ज काढायचे असेल, तर सर्वांत जुने कार्ड घाईने बंद करू नये. फी नसेल तर ते ठेवलेले बरे.

६. पॉइंट वाढवण्यासाठी ओळखीच्या दुकानात खोटी विक्री दाखवून रोख रक्कम घेण्याचा प्रकार काही जण करतात. योजना बंद होण्याच्या सुमारास तो वाढतो. बँकेच्या लक्षात आले तर कार्ड आणि पॉइंट दोन्ही जातात. मशीन देणारा दुकानदारही गोत्यात येतो. चार पैशांसाठी दुकानाची साख घालवू नये.

दुकानदारासाठी

गिऱ्हाइकाची बक्षीस योजना बंद झाली म्हणून आपल्या मशीनवरचा दर आपोआप उतरत नाही. आपला करार मशीन देणाऱ्या बँकेशी असतो, गिऱ्हाइकाच्या बँकेशी नाही. म्हणून वर्षातून एकदा आपला दर मागून घ्यावा आणि दुसऱ्या बँकेच्या दराशी ताडून पाहावा. बक्षीस गेलेले गिऱ्हाईक पुष्कळदा युपीआयकडे वळते. बँक खात्यातून थेट येणाऱ्या युपीआयवर आपल्याला दलाली लागत नाही. पण युपीआयला जोडलेल्या रुपे क्रेडिट कार्डाची गोष्ट वेगळी आहे, तेथे दलाली लागू शकते. महिन्याचे विवरण पाहताना हे दोन रकाने वेगळे तपासावेत.

कारागीर बांधवांनाही एक सांगावेसे वाटते. सूत, चामडे किंवा अवजारे कार्डावर घेताना रोखीचा भाव आधी विचारावा. रोखीवर दोन टक्के वटाव मिळत असेल आणि कार्डावर अर्ध्या टक्क्याचे पॉइंट मिळत असतील, तर हिशेब उघड आहे. वटाव आजच हातात पडतो. पॉइंट देणारा उद्या अट बदलू शकतो. ज्याला कार्डाची बिनव्याजी मुदत खरोखर उपयोगी पडते आणि जो तारखेला पूर्ण बिल भरतो, त्याने कार्ड जरूर वापरावे. पॉइंट मिळाले तर ते दर तीन महिन्यांनी वापरून टाकावेत, साठवून ठेवू नयेत. शिल्लक पॉइंट कमी असले, तर योजना बंद झाल्याचा संदेश आला तरी आपले फारसे काही बिघडत नाही.